दगडात बांधलेले धातू

अनेक घरांच्या फळीवर पितळेचे एखादे जुने पातेले अजूनही आढळते. पूर्वी त्यास वेळोवेळी आतून कल्हई करून घेत, म्हणजे त्यात आंबट पदार्थ कळकत नसत. या एका पातेल्यात तीन धातू एकत्र आलेले असतात. पितळ ही तांबे आणि जस्त यांची मिश्रधातू होय, आणि कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. हे तिन्ही धातू कोणे एके काळी दगडात होते. परंतु ज्या दगडातून तांबे निघाले तो पिवळसर व ठिसूळ होता, ज्यातून जस्त निघाले तो तपकिरी व राळेसारखा चमकणारा होता, आणि ज्यातून कथील निघाले तो काळसर व वजनदार होता. त्या दगडांपैकी एकही ठोकून पत्रा करता आला नसता. घणाचा घाव बसताच त्याचा चुरा झाला असता.

मग दगडात धातू असतो, म्हणजे नेमके काय असते? पुरणात वेलदोड्याची पूड असावी, तसे धातूचे कण त्यात मिसळलेले असतात काय? बहुतेक धातूंच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. धातू दगडात मिसळलेला नसून दुसऱ्या मूलद्रव्याशी बांधलेला असतो. ही गाठ किती घट्ट आहे यावर तो धातू मनुष्याच्या हाती केव्हा आला, किती सायासाने आला आणि त्याचे मोल काय ठरले, हे पुष्कळ अंशी अवलंबून राहिले आहे.

खनिजाची घडण

निसर्गात सुमारे ९० मूलद्रव्ये आढळतात. ती एकेकटी क्वचितच राहतात. दोन किंवा अधिक मूलद्रव्यांच्या अणूंची ठरावीक रीतीने जुळणी होऊन निसर्गात जो घन पदार्थ तयार होतो, त्यास खनिज म्हणतात. सोने, गंधक यांसारखी काही थोडी मूलद्रव्ये एकेकटीही खनिजरूपाने सापडतात. खनिजात अणूंची मांडणी नियमबद्ध असते आणि म्हणून त्याचे स्फटिक बनतात. आजपर्यंत सुमारे ६,००० खनिजे ओळखली गेली आहेत. खडक हा शब्द याहून वेगळा आहे. खडकात बहुधा एकाहून अधिक खनिजे शेजारी शेजारी बसलेली असतात. ग्रॅनाइटचा तुकडा हाती घेतल्यास त्यातील काचेसारखे, पांढुरके व काळे कण वेगवेगळे दिसतात. ती तीन निरनिराळी खनिजे होत.

खनिजाच्या घडणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तीतील प्रमाण. गॅलेना हे शिशाचे खनिज शिसे व गंधक यांचे बनलेले असते. शुद्ध गॅलेना राजस्थानातून आणलेले असो वा जगाच्या दुसऱ्या टोकाचे असो, त्याच्या १०० किलोग्रॅममध्ये सुमारे ८६.६ किलोग्रॅम शिसे आणि १३.४ किलोग्रॅम गंधक निघतो. हेमॅटाइट या लोहखनिजात शेकडा ७० भाग लोह आणि ३० भाग ऑक्सिजन, म्हणजेच प्राणवायू, असतो. तांब्याचे मुख्य खनिज चाल्कोपायराइट. त्यात तांबे, लोह व गंधक ही तिन्ही मूलद्रव्ये जवळजवळ समप्रमाणात असतात. तांब्याचा वाटा शेकडा ३४.६ इतका भरतो.

हे प्रमाण सर्वत्र तेच असते, ही गोष्ट आज साधी वाटते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र तिच्याविषयी मोठा वाद होता. झोझेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तांब्याच्या हिरव्या कार्बोनेटाचे पृथक्करण केले. खाणीतून आलेले कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत स्वतः तयार केलेले कार्बोनेट या दोहोंत तांब्याचे प्रमाण एकच आहे, असे त्याने १७९९ मध्ये दाखवून दिले. पृथ्वीच्या पोटात काय किंवा काचेच्या भांड्यात काय, संयुग घडण्याचा नियम एकच. या शोधाने खनिजे रसायनशास्त्राच्या कक्षेत आली.

तथापि निसर्ग काटेकोर असला तरी हटवादी नाही. साधारण सारख्या आकाराचे अणू स्फटिकात एकमेकांची जागा घेऊ शकतात. जस्ताच्या खनिजात काही जस्त-अणूंच्या जागी लोहाचे अणू येऊन बसतात, आणि मुळात फिकट असणारे ते खनिज तपकिरी व काळेही होते. ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचे शुद्ध संयुग रंगहीन असते; पण त्यात क्रोमियमचा अल्पसा अंश शिरला की त्यासच माणिक म्हणतात, आणि लोह व टायटॅनियम शिरले की नीलम. ज्या धातूची पातेली बाजारात वजनावर विकली जातात, तोच धातू राजमुकुटातील माणकाचा निम्म्याहून अधिक भाग आहे.

विपुल असूनही दुर्लभ

पृथ्वीच्या कवचाचे वजन १०० धरले तर त्यात ऑक्सिजन सुमारे ४६ भाग आणि सिलिकॉन सुमारे २८ भाग भरतो. त्यांच्या खालोखाल ॲल्युमिनियम ८ भाग व लोह ५ भाग येते. तांबे, जस्त व शिसे यांस या हिशेबात शेकड्यात स्थानच नाही. दर दहा लाख भागांत जस्त सुमारे ७० भाग आणि तांबे त्याहूनही कमी, आणि सोने तर दर अब्ज भागांत केवळ काही भाग, अशी त्यांची गणना करावी लागते.

एवढ्यावरून ॲल्युमिनियम सर्वांत आधी आणि सोने सर्वांत शेवटी सापडले असावे, असे कोणी म्हणेल. इतिहास मात्र नेमका उलट आहे. सोन्याचे दागिने हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांतून सापडतात. ॲल्युमिनियमचा पहिला कण मात्र १८२५ मध्ये, डेन्मार्कमधील ओर्स्टेड या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, मनुष्याच्या दृष्टीस पडला. तोपर्यंत मनुष्य ॲल्युमिनियमच्या डोंगरांवर राहत होता, त्याच्याच विटा भाजत होता आणि त्याच्याच मडक्यांत पाणी भरत होता. कारण चिकणमातीचा तो एक प्रमुख घटक आहे.

दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण हे याचे उत्तम उदाहरण होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्ह्याचा हा खडक लोह व ॲल्युमिनियम या दोहोंनी संपन्न आहे. तरीही त्यातून कोणी लोखंड काढीत नाही, की ॲल्युमिनियम. या पाषाणात ते धातू सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्याशी सिलिकेट नावाच्या खनिजांत इतके घट्ट गुंफलेले असतात, की ते सोडविण्याचा खर्च मिळणाऱ्या धातूच्या किमतीहून अधिक होईल. ज्या खनिजापासून धातू काढणे परवडते, त्यासच धातुक म्हणतात. प्रत्येक धातुक खनिजाचे बनलेले असते. प्रत्येक खनिज मात्र धातुक नसते.

पण कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर या काळ्या पाषाणाचेच दुसरे रूप आढळते, ते म्हणजे जांभा. उष्ण प्रदेशातील मुसळधार पाऊस लक्षावधी वर्षे खडकावर पडत राहिला. त्या पाण्याने सिलिकॉनचा मोठा भाग हळूहळू विरघळवून नेला. न विरघळणारी लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. जेथे ॲल्युमिनियमचा संचय पुरेसा झाला, तेथे बॉक्साइट तयार झाले. कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यांवरील बॉक्साइटचा उगम असाच आहे. धातू तोच आणि डोंगरही तोच. परंतु गाठ सैल करण्याचे अर्धे काम पावसाने आधीच करून ठेवले. निसर्गाने असा संचय जेथे केला, तेथेच खाण निघते. असे संचय मोजकेच असतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत.

गाठ सोडविण्याची युक्ती

सोने सहसा कोणाशी संयोग पावत नाही. म्हणून ते नदीच्या वाळूत किंवा गारगोटीच्या शिरेत धातुरूपानेच सापडते. त्याला फक्त वेचावे लागते. तांबेही कधी कधी असे मोकळे मिळते. इतर धातूंच्या बाबतीत मात्र त्यांचा जोडीदार दूर केल्यावाचून धातू हाती लागत नाही.

या कामी मनुष्यास प्रथम साहाय्य झाले ते लाकडी कोळशाचे. भट्टीत कोळसा दोन कामे करतो. जळून तो उष्णता देतो, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. तापलेल्या कोळशातील कार्बनास ऑक्सिजनाची ओढ असते. अपुऱ्या हवेत जळताना त्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. तो धातूच्या ऑक्साइडातून ऑक्सिजन काढून घेतो आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून निघून जातो. मागे धातू उरतो. या क्रियेस क्षपण म्हणतात. धातू जर गंधकाशी बांधलेला असेल, तर खनिज आधी उघड्या हवेत भाजावे लागते. गंधक जळून वायुरूपाने जातो, त्याची जागा ऑक्सिजन घेतो, आणि मग कोळशाचे काम सुरू होते.

शिसे व तांबे यांची गाठ अशा रीतीने सहज सुटते. लोहाची गाठ अधिक घट्ट, शिवाय शुद्ध लोखंड वितळण्यास १,५३८ अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते. जुन्या भारतीय भट्ट्यांत ती गाठणे शक्य नव्हते. म्हणून मध्य भारतातील आगरिया लोक मातीच्या लहान भट्टीत, भात्याने वारा घालून, लोखंडाचा न वितळलेला सच्छिद्र गोळा तयार करीत आणि तो लाल असतानाच घणाने ठोकून त्यातील मळी बाहेर काढीत. कोकच्या मोठ्या झोतभट्ट्या निराळ्या. पण जमशेदपूरच्या कारखान्यात १९११ च्या डिसेंबरात पहिले बीड बाहेर पडले, ते याच रासायनिक तत्त्वाने. भट्टी बदलली, कार्बनाचे काम बदलले नाही.

जस्ताचा चकवा

कोळशाच्या या युक्तीस एका धातूने मात्र शतकानुशतके चकविले. तो धातू म्हणजे जस्त.

जस्ताचे ऑक्साइड कोळशाबरोबर तापविले असता सुमारे १,००० अंशांच्या आसपास त्याची गाठ सुटते. पण जस्त ९०७ अंशांवरच उकळते. याचा अर्थ असा, की धातू मोकळा होतो त्याच क्षणी तो वाफ झालेला असतो. भट्टीच्या तळाशी वितळलेला रस म्हणून तो साचत नाही. ती वाफ वर जाते, हवेतील ऑक्सिजन तिला गाठतो, आणि पाहता पाहता जस्ताचे पुन्हा ऑक्साइड होऊन पांढऱ्या धुराच्या रूपाने ते उडून जाते. कारागीर भट्टी उघडून पाहतो, तर आत धातूचा मागमूसही नसतो.

म्हणूनच पितळ आधी आले आणि जस्त नंतर. तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज व कोळसा एका बंद मुशीत तापविले असता जस्ताची वाफ तांब्यात मुरे आणि तांब्याचे पितळ होई. लोकांस पितळ मिळाले. तांब्यात शिरलेला तो दुसरा पदार्थ स्वतंत्र धातू आहे, याची जाणीव व्हावयास फार काळ लागला. भारतीय रसग्रंथांत जस्ताच्या खनिजास रसक म्हटले आहे, आणि तांब्यास सोन्याचा रंग आणणारे द्रव्य म्हणून त्याची ख्याती होती.

जस्त हाती यावयाचे तर दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी साधावयास हव्या होत्या. मुशीचा एक भाग अतिशय तप्त हवा आणि त्यालगतचा दुसरा भाग इतका थंड हवा, की वाफेचा द्रव व्हावा. शिवाय या दोहोंमध्ये हवेचा शिरकाव होता कामा नये.

झावरच्या भट्ट्या

राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत, झावर हे ठिकाण आहे. तेथील डोलोमाइट खडकात जस्त व शिसे यांची गंधकयुक्त खनिजे आहेत. प्राचीन खाणींत सापडलेल्या लाकडी आधारांचे वय किरणोत्सर्गी कार्बनाच्या पद्धतीने काढले असता तेथील खाणकाम दोन हजार वर्षांहून जुने असल्याचे दिसून आले. खाणींभोवती मातीच्या जळक्या नळ्यांचे प्रचंड ढीग पसरलेले आहेत. जुन्या वस्तीतील कित्येक घरांच्या भिंतीही याच नळ्या रचून बांधलेल्या आहेत.

या नळ्या कशाच्या, याचा पूर्ण उलगडा १९८३ मध्ये झाला. हिंदुस्थान झिंक, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांच्या संशोधकांनी तेथे उत्खनन केले. तेव्हा काही भट्ट्या तळासह जागच्या जागी सापडल्या, आणि त्यांत मुशीही होत्या. शेवटच्या वेळी पेटवून सोडून दिलेली भट्टी जणू कारागीर परत येईल म्हणून थांबली होती.

मूस लांबट वांग्याच्या आकाराची असे. रसरत्नसमुच्चय या संस्कृत ग्रंथात तिला वृंताक मूषा म्हटले आहे. वृंताक म्हणजे वांगे. भाजलेले खनिज दळून त्यात डोलोमाइट, मीठ व जळणारे सेंद्रिय पदार्थ मिसळीत आणि त्याच्या लहान गोळ्या वळून मुशीत भरीत. मग मुशीच्या तोंडावर मातीची निमुळती नळी लिंपून बसवीत. नळीतून आत एक काडी खुपसलेली असे. मूस उलटी केली असता गोळ्या खाली पडू नयेत, हे या काडीचे पहिले काम. भट्टी तापली की काडी जळून जाई, आणि तोवर गोळ्या एकमेकींस चिकटून बसलेल्या असत. काडीच्या जागी उरलेली पोकळी वाफेस बाहेर पडण्याचा मार्ग होई. हे तिचे दुसरे काम. एका काडीने इतके साधावे, यात अनेक पिढ्यांचा अनुभव दिसून येतो.

भट्टीचे दोन मजले असत. त्यांच्यामध्ये भोके पाडलेली भाजक्या मातीची जाड फळी असे. वरच्या मजल्यात सहा-सहाच्या सहा ओळींत ३६ मुशी उलट्या उभ्या करीत; त्यांच्या नळ्या फळीच्या भोकांतून खालच्या मजल्यात उतरत. वरच्या मजल्यात जाळ करीत. तेथे उष्णता ११०० अंशांच्याही वर जाई. मुशीतील जस्त वाफ होऊन मोकळे होई. पण वरची बाजू बंद असल्याने वाफेस खालच्या नळीवाचून वाट नसे. नळीत कार्बन मोनॉक्साइड भरलेला असल्याने हवा आत शिरत नसे. खालच्या थंड मजल्यात येताच वाफेचा द्रव होई आणि जस्ताचे थेंब खाली ठेवलेल्या भांड्यात पडत. वाफ करून द्रव्य शुद्ध करण्यास ऊर्ध्वपातन म्हणतात. येथे वाफ वर न नेता खाली उतरविलेली आहे, म्हणून जुन्या रसशास्त्राचा अधःपातन हाच शब्द या क्रियेस अधिक शोभतो.

सुमारे बाराव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत झावर येथे या रीतीने जस्ताचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले. चीनमध्येही वेगळ्या घडणीच्या मुशींतून जस्त काढण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. युरोपात मात्र असा कारखाना निघण्यास अठरावे शतक उजाडले. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने १७३८ मध्ये ज्या पद्धतीचा हक्क घेतला, तीतही वाफ खालीच उतरविली जात असे. पुढे १७४६ मध्ये बर्लिनच्या मार्ग्राफने जस्त हा स्वतंत्र धातू असल्याचे पद्धतशीर प्रयोगांनी दाखविले. तोपर्यंत झावरची स्थिती खालावू लागली होती. मेवाडवरील मराठ्यांच्या स्वाऱ्या आणि त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पडलेला दुष्काळ यांनी तेथील वस्ती विस्कटली. भट्ट्या विझल्या आणि विद्याही लुप्त झाली. ती कोणत्या कारागिरांची होती, त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

करणे आणि जाणणे

झावरच्या कारागिरास आपण काय करीत आहो हे अचूक ठाऊक होते. ते का घडते हे ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्या काळी ते कोणासच ठाऊक नव्हते. धातू हवेत तापविला की त्याचे भस्म होते, हे सर्वांच्या पाहण्यात होते. त्यावरून युरोपातील विद्वानांनी असा तर्क केला होता, की भस्म हेच मूळ द्रव्य असून धातू म्हणजे भस्म आणि फ्लोजिस्टॉन नावाचे एक अदृश्य ज्वालातत्त्व यांचे मिश्रण होय. कोळसा भस्मास हे तत्त्व पुरवितो आणि म्हणून धातू तयार होतो, असे ते मानीत.

या तर्कात एक अडचण होती. धातूचे भस्म धातूपेक्षा वजनाने अधिक भरते. काही निघून गेले असेल, तर वजन वाढावे कसे? १७७४ मध्ये इंग्लंडमधील प्रीस्टलीने पाऱ्याचे लाल भस्म तापवून त्यातून एक वायू काढला. त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळे. पॅरिसच्या लाव्हाझ्येने तराजू हाती घेऊन या प्रयोगाचा अर्थ लावला. भस्म तापविले की पारा आणि हा वायू वेगळे होतात. पारा हवेत तापविला की तो हाच वायू शोषून पुन्हा भस्म होतो. म्हणजे धातू हे मूलद्रव्य असून भस्म हे संयुग होय. त्या वायूस त्याने ऑक्सिजन हे नाव दिले.

खनिज आणि धातू यांचे नाते या एका विचाराने उलटून सरळ झाले. कोळसा धातूस काही देत नाही; तो खनिजातून काही काढून घेतो. यानंतर प्रत्येक खनिज हे एक कोडे न राहता हिशेब झाले, आणि हिशेब न जुळला तर नव्या मूलद्रव्याचा संशय येऊ लागला. १८१७ मध्ये जर्मनीतील स्ट्रोमायर या रसायनज्ञास जस्ताच्या कार्बोनेटाचा एक नमुना तापविल्यावर पिवळा दिसला. लोहामुळे असा रंग येतो. पण त्यात लोह नव्हते. शोध करता त्यातून कॅडमियम हा नवा धातू निघाला. तो जस्ताच्या खनिजात, जस्ताच्याच काही जागा अडवून बसला होता.

कोळशाच्या पलीकडे

ॲल्युमिनियमची गाठ मात्र कोळशास दाद देत नाही. ॲल्युमिनियम ऑक्सिजनास इतके घट्ट धरून ठेवते, की साध्या भट्टीतील कार्बनास ते सोडविता येत नाही. ती गाठ सुटली विजेने. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, या एकमेकांस अपरिचित असलेल्या दोन तरुणांनी एकच पद्धत शोधून काढली. दोघांचे जन्मवर्षही एकच, १८६३. क्रायोलाइट नावाच्या खनिजाच्या वितळलेल्या रसात ॲल्युमिनियमचे ऑक्साइड विरघळते. त्यातून वीजप्रवाह सोडला असता तळाशी धातू जमतो. भारतात या पद्धतीने ॲल्युमिनियम प्रथम केरळमधील अलुपुरम येथे १९४३ मध्ये तयार झाले. साधारणतः चार टन बॉक्साइटापासून दोन टन ऑक्साइड आणि त्यापासून एक टन धातू मिळतो, आणि त्या एका टनासाठी सुमारे १३,००० ते १५,००० युनिट वीज खर्च होते.

जस्तही आता बहुतांशी विजेनेच काढतात. दगड दळून त्याची पूड पाण्यात घालतात, तेलासारखी द्रव्ये मिसळून खालून हवा सोडतात. गंधकयुक्त खनिजाचे कण बुडबुड्यांस चिकटून फेसाबरोबर वर येतात. निरुपयोगी दगड भिजून खाली राहतो. वेचलेले खनिज भाजले असता जो गंधकाचा वायू निघतो, तो हवेत सोडल्यास झाडे व माणसे या दोहोंस घातक ठरतो; म्हणून तो पकडून त्याचे गंधकाम्ल करतात. त्याच अम्लात भाजलेले खनिज विरघळवून त्या द्रावातून विजेच्या साहाय्याने जस्त वेगळे करतात. उदयपूरजवळ देबारी येथे १९६८ मध्ये असा कारखाना सुरू झाला. ज्या खोऱ्यात जस्ताच्या भट्ट्या दीड शतकापूर्वी विझल्या होत्या, तेथील खनिजापासून पुन्हा जस्त निघू लागले.

धातूची परतीची वाट

गाठ सोडविण्यासाठी जी उष्णता किंवा वीज खर्ची पडते, तिचा एक भाग जणू धातूत साठून राहतो. म्हणूनच बहुतेक धातूंची ओढ पुन्हा खनिज होण्याकडे असते. लोखंडास हवा व पाणी मिळाले की त्यावर गंज चढतो. हा गंज म्हणजे लोह, ऑक्सिजन व पाणी यांचे संयुग. त्यातील गोएथाइट हा घटक जमिनीत खनिज म्हणूनही सापडतो. गंजलेला खिळा हा पुन्हा धातुक होण्याच्या वाटेवर निघालेला खिळा आहे.

ही वाट अडविण्याचे मार्ग आहेत. दिल्लीच्या मेहरौली भागातील लोहस्तंभ सुमारे १,६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्यामुळे पृष्ठभागावर एक घट्ट संरक्षक थर तयार झाला आणि गंज पुढे सरकला नाही. घराच्या छपरावरील पत्र्यास जस्ताचा मुलामा देतात, तोही याच हेतूने. जस्ताची ऑक्सिजनाकडे ओढ लोहाहून अधिक. म्हणून मुलाम्यास ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. ज्या स्वभावाने झावरच्या कारागिरास छळले, तोच स्वभाव येथे छपराचे रक्षण करतो.

दुसरा मार्ग याहून सोपा आहे. निघालेला धातू पुन्हा वापरावा. जुने ॲल्युमिनियम वितळवून नवे करण्यास, ते बॉक्साइटापासून काढण्याच्या मानाने सुमारे विसावा भाग ऊर्जा पुरते; कारण गाठ एकदा सुटलेली असते, ती पुन्हा सोडवावी लागत नाही. याउलट खाण मात्र संपते. कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण १८८० च्या सुमारास पद्धतशीरपणे सुरू झाली, तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ मध्ये बंद झाली. निसर्गाने कोट्यवधी वर्षांत केलेला संचय मनुष्याने सव्वाशे वर्षांच्या आत उपसून परवडेनासा केला.

जुने पितळी पातेले मोडीत घालताना तांबट ते तराजूत तोलून घेतो आणि मोडीचा भाव देतो. त्यावर पडलेले पोचे, झिजलेली कल्हई, कोरलेले नाव यांची किंमत तो धरीत नाही. तो किंमत देतो ती दगडापासून सुटलेल्या तांब्याची व जस्ताची. ते पातेले वितळेल आणि त्याची समई होईल, घंटा होईल किंवा नळाची तोटी होईल. खाणीतून काढलेल्या दगडास पुन्हा दगड न होऊ देता हातोहात चालविणे, हे काम तांबट पिढ्यान्पिढ्या करीत आला आहे.